बन्सीलालच्या गच्चीवरचा खांब

चांदावर ससा आहे की हरीण, एवढ्यावरून एकेचाळीस वर्षं भांडलेलं जोडपं तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलंय. जळगावात पिंप्राळ्याच्या अलीकडे माझ्या गच्चीला गच्ची लावून ते राहतं, आणि मधला कठडा एवढा बुटका आहे की कान न लावताही सगळं ऐकू येतं. मी तरीही कान लावतो, ते सोडा.

बन्सीलाल सुरवाडे धुळ्याकडचा, सोनगीरजवळच्या खेड्यातला. अठ्ठावीस वर्षं इथल्या एका पाईपच्या कारखान्यात तपासनीस होता. मशीनमधून पाईप बाहेर आला की त्याची लांबी, जाडी, गोलाई मोजायची आणि शिक्का मारायचा, हे त्याचं काम. त्याची बायको द्रौपदाबाई सावद्याची, केळीच्या मळ्यात वाढलेली. ‘आहे’ला तो ‘शे’ म्हणणारा, ती ‘हाये’ म्हणणारी. एकाच खानदेशाच्या दोन टोकांची बोली त्या घरात एका चुलीवर शिजायची आणि एकही दुसरीत मिसळायची नाही.

उन्हाळ्यात आम्ही सगळेच गच्चीवर गाद्या टाकतो. चांद वर आला की शेजारून सुरू व्हायचं.

“शिंगं दिखतस ना. हरीण शे.”

“शिंगं नाहीत ते, कान हायेत. ससा हाये. विहारात भन्तेजींनी सांगितलं, सशानं जीव दिला म्हणून त्याची खूण चांदावर काढली.”

“भन्तेजीसना चष्मा जाड शे.”

मग मी कठड्यावरून थोडं तेल ओतायचो. “वहिनी, मला तर शेपूट लांब वाटतं हो.” की आणखी अर्धा तास. माझी कमलबाई म्हणायची, तुम्हाला झोप येत नाही म्हणून लोकांची का उडवता? पण तीही जागीच असायची.

मागल्याच्या मागल्या वर्षी द्रौपदाबाई मोरीत पडली. खुब्यात सळई घालावी लागली. तेव्हापासून वाकणं बंद. उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. ते निस्तरतं न निस्तरतं तोच कळलं, उजवा डोळा गेलेला आहे. काचबिंदू. कधी गेला ते तिलाही माहीत नव्हतं. धुळ्याला बन्सीलालची मोठी बहीण भागाबाई अक्का राहते, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डावाही कडांकडून मिटत चाललाय. “पाईपमधून बघितल्यासारखं दिसतं त्यांना. मधलं तेवढं उरलंय. थेंब घालू. पण किती दिवस राहील, ते नाही सांगता येणार.”

पाईपचं नाव निघालं आणि बन्सीलालनं ते मनावर घेतलं. घरी येऊन पाण्याच्या पाईपचा वीतभर तुकडा कापला, डाव्या डोळ्याला लावला, उजवा पट्टीनं बांधला आणि दिवसभर घरात तसा फिरला. फ्रिजला धडकला, उंबऱ्याला ठेचकाळला. मी खिडकीतून बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला बातमी पोचवली, बन्सीलाल सुरवाडे घरातल्या घरात जहाज चालवतोय. लोक हसले. मीही हसलो. अंधार पडता पडता तो कठड्याशी आला. कपाळावर टेंगूळ.

“नाना,” तो म्हणाला, “तिले दाराची कडी दिखस. दार नही दिखस.”

मी घरातून बर्फ आणून त्याच्या टेंगळाला लावायला दिला.

मग एका संध्याकाळी द्रौपदाबाईच म्हणाली, “चांद आता नुसता पुसल्यासारखा पांढरा दिसते. ससा गेला कुठं कोण जाणे. चला, प्रज्ञाचे बाबा, तुमचं हरीण जिंकलं.” ती हसत म्हणाली. बन्सीलाल नाही हसला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “असं नही जिंकनं माले. तिनी बघीसन हरायला पाहिजे.” तेवढंच त्याचं मागणं. डोळा पुरता मिटायच्या आत द्रौपदानं एकदा चांद नीट बघायचा आणि बघून भांडायचं.

त्यांची मुलगी प्रज्ञा चाळीसगावला विज्ञान शिकवते. फेब्रुवारीत ती दुर्बीण घेऊन आली. टेबलावर ठेवायची, बुटकी, दुधाच्या कॅनएवढी. खाली गोल फिरणारं लाकडी बूड, आणि बघायचं भिंग वरच्या अंगाला बाजूला. “आईला मधलंच दिसतं ना?” ती म्हणाली. “हिच्यातही मधलंच असतं. कमी ताकदीचं भिंग लावलं की अख्खा चांद मावतो.” मी म्हटलं, पोरगी हुशार, बापावर गेली नाही.

अडचण निघाली ती टेबलाची. खाली ठेवली तर द्रौपदाबाईला वाकता येत नाही. तिच्या डोळ्याशी भिंग आपण होऊन यायला हवं, तेवढ्या उंचीचं काहीतरी हवं. आणि ते हलता कामा नये. तुमच्या-माझ्या डोळ्याला चांद थरथरला तरी आपण त्याच्यामागे नजर नेतो. तिच्या डोळ्यात जागा होती बांगडीएवढी. त्यातून चांद निसटला की तो कुठे गेला हे तिला कळायचंच नाही. ती अंधारात चाचपडत राहायची.

पहिल्यांदा प्लास्टिकचं स्टूल झालं. त्यावर दुर्बीण अशी डुलायची की चांदाला ताप भरल्यासारखा वाटे. मग कूलरचा लोखंडी स्टँड गच्चीवर नेला. दोन पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या, पायांखाली रबर लावलं. उभा राहिला पहिलवानासारखा. पण जिन्यात कोणी पाऊल टाकलं की आतून गुणगुणायचा. बन्सीलाल भिंगाला डोळा लावून ओरडायचा, “कोन चढी ऱ्हायनं? थांबा तठेच!” आणि जिन्यात चहाचे कप घेतलेली प्रज्ञा एका पायावर उभी.

एप्रिलमध्ये डोळे दाखवायला धुळ्याला गेले, तेव्हा अक्कांच्या स्वयंपाकघरात त्याला घडवंची दिसली. पाण्याचे हंडे-माठ ठेवायची, सागवानी, जाड पायांची. बन्सीलालनं तिला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हलेना. त्यानं अंगाचा भार दिला. हलेना.

“अक्का, हाई माले दे.”

“आणि माठ काय डोक्यावर ठेवू?”

“द्रौपदाले चांद दाखाडना शे.”

अक्कांनी माठ उतरवले. घडवंची एसटीच्या मागच्या सीटवर बसून जळगावला आली. मी जन्मभर कंडक्टर होतो. मी विचारलं, अर्धं तिकीट काढलं की पूर्ण? तो म्हणाला, ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मागितली, मिळाली नाही.

पहिल्या संध्याकाळी छान झालं. नवमीचा चांद डोक्यावर होता आणि नळी एवढी उभी करून भिंग फार वर जात होतं, म्हणून द्रौपदाबाईला बसवलं नाही; पौर्णिमेला उगवता चांद दाखवू, तो खाली असतो, असं ठरलं. सहा दिवसांनी बघतो तर घडवंची कुरकुरतेय. साठ वर्षं त्या लाकडानं पाझरणाऱ्या माठांचं पाणी प्यायलं होतं, म्हणून सांधे फुगून घट्ट होते. जळगावच्या एप्रिलात गच्चीवर सहा दिवस कोरडी उभी राहिली आणि सगळे सांधे उघडले. बन्सीलालनं तिच्यावर ओलं पोतं टाकलं, खाली पाण्याचा माठ ठेवला. घडवंचीला पाणी पाजतोय म्हणून मी गल्लीभर सांगितलं. पौर्णिमा गेली.

त्या रात्री त्यानं ठरवलं, आता आपल्या हातचं, पाईपचं. आठ इंची जाड पाईप, आत सळया आणि काँक्रीट, गच्चीत रोवलेला. तोही खालच्या भिंतीच्या बरोबर वर, म्हणजे स्लॅब हलला तरी खांब हलायचा नाही. द्रौपदाबाईला खुर्चीत बसवून दोरा लावून तिच्या डोळ्याची उंची मोजली. नळी आडवी असताना भिंग कुठे येतं ते मोजलं. वजाबाकी केली. खांब बावीस इंचाचा हवा. तीनदा मोजून पाहिलं, आकडा भिंतीवर खडूनं लिहिला, खाली रेघ मारली.

मी तोवर दुसरं काम केलं होतं. बन्सीलाल माकडांसाठी गच्चीवर तोफ बसवतोय, असं समोरच्या सुगंधाबाईंना सांगून ठेवलं. त्या बाईंनी ज्वारीच्या बिबड्यांचं वाळवण उचलून दुसऱ्या गच्चीवर नेलं. भांडायलाही आल्या. द्रौपदाबाई खुर्चीतून म्हणाली, “तोफ नाही हो, माझं सिंहासन करू ऱ्हायले ते.”

बुद्धपौर्णिमेचा मुहूर्त ठरला. विहारातून सगळे खीर खाऊन परत येतील, तेव्हा चांद सुगंधाबाईंच्या टाकीच्या वर आलेला असेल. आठ दिवस आधी काँक्रीट भरलं. रोज सकाळ-संध्याकाळ बन्सीलाल खांबावर पाणी मारायचा, ओलं पोतं गुंडाळायचा. माथ्यावर फरशीचा तुकडा बसवला, त्यावर दुर्बीण. मी हातोडीच्या दांड्यानं खांबाला ठोकलं आणि भिंगातून बघितलं. चांदाची कडसुद्धा थरथरली नाही. “बन्सीलाल, हा भूकंपातही उभा राहील,” मी म्हणालो, आणि ते मी खरंच मनापासून म्हणालो.

बुद्धपौर्णिमेला द्रौपदाबाई पांढरी साडी नेसून वर आली. आली म्हणजे प्रज्ञानं आणि बन्सीलालनं खुर्चीसकट चढवली. आम्ही पाच-सहा जण कठड्याला टेकून उभे. बन्सीलालनं चांद बरोबर मधोमध लावला. खुर्ची सरकवली. द्रौपदाबाईनं मान पुढे केली आणि तिचं कपाळ भिंगाखाली नळीशी आलं. भिंग तिच्या डोळ्याच्या वर. चांगलं सहा इंच वर.

बन्सीलाल टेप घेऊन खाली बसला. खांब मोजला. अठ्ठावीस.

“बावीस लिहेल व्हतं मी,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मग त्याचा हात खांबाच्या वरच्या, रुंद तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. पाईपचं एक टोक फुगीर असतं, दुसरा पाईप त्यात शिरावा म्हणून. त्याला सॉकेट म्हणतात. कारखान्यात पाईपची लांबी सॉकेट सोडून मोजतात. कारण जोडताना तेवढा भाग आत जातो, तो हिशेबातच धरायचा नसतो. अठ्ठावीस वर्षं त्यानं तसंच मोजलं होतं. फरशी नीट बसावी म्हणून रुंद टोक वर ठेवलं, आणि हातानं सवयीनं सॉकेट सोडून बावीस इंचांवर खूण केली. इथे आत जायला कोणताही दुसरा पाईप नव्हता.

बन्सीलालला चिडवण्याजोगं इतकं काही मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मी त्याच्या हातातली टेप घेऊन गुंडाळून ठेवली.

“मी उभी राहते ना,” द्रौपदाबाई म्हणाली. “इतकं काय झालं त्यात.”

तिला दोघांनी काखेत धरून उठवलं. तिचे पाय कापत होते. खांब पक्का होता, दुर्बीण पक्की होती. हलत होती ती. डोळा भिंगाशी जायचा आणि घसरायचा. “थांबा… थांबा…” ती म्हणत होती. मग एकदम, “काहीतरी पांढरं सळकन गेलं!” आणि लगेच, “बसवा मला, दुखू ऱ्हायलं.”

खाली नेताना जिन्यात ती बन्सीलालला म्हणत होती, “पुढल्या पौर्णिमेला बघू. ससा कुठं पळून जाते.”

काँक्रीट भरलेला खांब कापता येईना. मग त्यानं उलटं केलं. खांबाशेजारी खुर्चीपुरता सहा इंचांचा विटांचा ओटा बांधला, म्हणजे पाय टेकलेलेच राहतील आणि डोळा वर जाईल. चार दिवसांत ओटा झाला. तोवर चांद उशिरा उगवायला लागला होता, आणि गोळ्या घेतल्या की द्रौपदाबाई आठालाच पेंगायची. मग अमावस्या. आणि यंदा ढग लवकर आले. जूनची पौर्णिमा ढगात, जुलैची ढगात, ऑगस्टची, सप्टेंबरची. बन्सीलाल रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ओट्यावरचं पाणी खराट्यानं लोटायचा आणि वर बघायचा. मी म्हणायचो, “बोलव की ढगांना तपासायला, शिक्का मार.” तो हसायचाही. पण एकदा खराटा टेकवून म्हणाला, “सहा इंच, नाना. माणूस चष्मा इसरस, चावी इसरस. मी सहा इंच इसरनू.”

भाद्रपदात कमलबाई मला म्हणाली, “द्रौपदावहिनी हल्ली माझ्याशी बोलतात, पण माझ्या खांद्याकडे बघून.” मी म्हटलं, तुझी नवी साडी बघत असतील. म्हणालो आणि विसरलो. विसरलो असं म्हणतो, पण खरं तर मला त्याचा विचार करायचा नव्हता. द्रौपदाबाई घरात सराईत हिंडायची. भिंतीला बोटं लावत, पण ती तर सळई घातल्यापासूनच लावायची. विचारलं की सांगायची, आहे तसंच आहे.

आश्विनातल्या पौर्णिमेला, भन्तेजींचा पावसाळ्यातला वर्षावास संपला त्या दिवशी, आभाळ धुतल्यासारखं होतं. या वेळी बन्सीलालनं कोणाला बोलावलं नाही. मी कठड्याशी होतो, तो माझा हक्कच. प्रज्ञा चाळीसगावहून आली होती. सव्वासातला चांद टाकीच्या वर आला. त्यानं तो मधोमध लावला, मलाही दाखवला. भिंग भरून चांद. दृष्ट लागेल म्हणून तीट लावावी एवढा स्वच्छ. मग दोघांनी द्रौपदाबाईची खुर्ची ओट्यावर चढवली, मागची पाठ सरळ केली, तिचा चष्मा काढला, पदर सावरला. डोळा भिंगाला बरोबर लागला. काडीचाही फरक नव्हता.

ती बराच वेळ बघत राहिली.

“दिखस का?” बन्सीलालनं हळूच विचारलं.

ती म्हणाली, “हो. किती मोठा.” मग भिंगावरून डोळा न काढता, “तुमचंच खरं. हरीणच शे.”

शे म्हणाली. एकेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता.

प्रज्ञानं टाळी वाजवली. बन्सीलाल पुढे वाकला. “बघू,” म्हणाला, आणि तिची मान अलगद बाजूला करून डोळा लावला. तो हलेना. मग मला खुणेनं बोलावलं. मी कठडा ओलांडून गेलो, वयाला न शोभेल असा, आणि बघितलं. भिंगात काहीच नव्हतं. काळोख. तिला बसवण्यात दोन-तीन मिनिटं गेली तेवढ्यात चांद आपल्या वाटेनं वर सरकून नळीतून निघून गेला होता. खांब तसूभर हलला नव्हता.

बन्सीलालनं नळी ढकलली, चांद पुन्हा मधोमध आणला. “अजून एकदा बघ, द्रौपदा. नीट बघ.”

तिनं डोळा लावला. या वेळी भिंगातला उजेड तिच्या बुबुळावर पडलेला मला बाजूनं दिसत होता. साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका, बरोबर मधोमध. पापणी लवलीसुद्धा नाही.

“हो हो,” ती तशाच आवाजात म्हणाली. “तेच. पायसुद्धा दिसू ऱ्हायले.”

बन्सीलाल तिच्या मागे उभा होता. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग मोठ्यानं म्हणाला, “मंग! मी काय सांगत व्हतो इतलं वरीस? ससा म्हणे, ससा!”

“हरले बाई,” ती म्हणाली. “आता तरी झोपू द्या मला.”

तिला खाली नेलं. तो परत वर आला आणि दुर्बिणीवर टोपण लावून ती खोक्यात ठेवू लागला. खोकं नीट बंद होईना. मी बाजू धरली.

“कधीपासून असेल?” मी विचारलं.

“काय म्हाईत. तिनी सांगं नही.” खोक्याचं झाकण दाबत म्हणाला, “माले वाईट वाटी म्हणीसन.” मग खोक्याची दोरी बांधत, माझ्याकडे न बघता, “नाना, बठ्ठ्या गल्लीले सांगा. बन्सीलाल जिंकना.”

मी सांगितलं. दूधवाल्यापासून सुरुवात केली, सुगंधाबाईंपर्यंत दुपारी पोचवलं. तिखटमीठ लावून सांगितलं, हरणाचे पाय, शिंगं, सगळं. लोक बन्सीलालला रस्त्यात थांबवून पाठ थोपटत होते आणि तो छाती पुढे काढून शाबासकी घेत होता. द्रौपदाबाईलाही बायका चिडवून गेल्या.

आता दिवाळीही होऊन गेली. महिन्याला धुळ्याची फेरी चालूच आहे. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला तो तिची पापणी बोटानं वर करतो आणि थेंब सोडतो. कठड्याच्या या बाजूला मला ऐकू येतं.

“पडला?” ती विचारते.

“पडना.”

“आज जरा बरं दिसू ऱ्हायलं,” ती म्हणते.

“दिखनारच,” तो म्हणतो, आणि बाटलीचं झाकण लावतो.